निवासी शाळा बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी एसटीचं टाइमटेबल बघावं

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. अपंग मुलांच्या निवासी शाळा हा जुना प्रकार झालाय, त्या मुलांना घरापासून तोडतात, संस्थावाले अनुदान खातात, तेव्हा त्या सगळ्या बंद करा आणि मुलं गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला, असा एकूण सूर होता. पत्र चांगलं लिहिलंय, कायद्याची कलमं पण बरोबर दिलीत. पण वाचताना सारखं वाटत होतं की हे लिहिणारे साहेब सिटी बसच्या गावात राहतात. मी बीड जिल्ह्यातल्या एका कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत अधीक्षिका होते, आता रिटायर झाले, शाळेचं नाव लिहीत नाही कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातलं काही संस्थेला आवडणार नाही आणि तिथे अजून माझ्या ओळखीची माणसं नोकरीला आहेत.

आधी त्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करते. अनुदान खाणारे आहेत, मी डोळ्यांनी बघितलेत. तपासणी यायची म्हटलं की आदल्या रात्री कुठून कुठून मुलं यायची, नव्या चादरी निघायच्या, साहेब गेले की चादरी परत कपाटात आणि मुलं परत गावाला. काही संस्था तर पुढाऱ्यांनी शाळा म्हणून काढल्याच नाहीत, काढल्या त्या माणसं चिकटवायला, शिपाई भाचा, स्वयंपाकी मेव्हणी. हे सगळं खरं आहे. पण म्हणून निवासी शाळाच नको हे मला पटत नाही, कारण त्या बंद झाल्या तर ते मूल उद्या सकाळी कुठल्या शाळेत जाणार आणि कशात बसून जाणार हे त्या पत्रात कुठेच नव्हतं.

कायदा काय म्हणतो बघा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्याच्या कलम ३१ मध्ये स्पष्ट आहे की ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे पसंती मुलाची आणि आईबापाची. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पण साधी शाळा, विशेष शाळा आणि घरी शिक्षण असे तिन्ही रस्ते उघडे ठेवलेत. म्हणजे कागदावर कुणी विशेष शाळा बंद करा म्हणत नाहीये. अडचण अशी आहे की आमच्याकडे पसंती वगैरे काही नसते, मूल होस्टेलात राहणार का घरून येऊन जाऊन करणार हे त्याच्या अपंगत्वावरून ठरतच नाही, ते ठरतं गावातून सकाळी गाडी किती वाजता निघते त्यावर.

आता माझ्याच शाळेचं सांगते. कर्णबधिर मूल म्हटलं की दहातली नऊ मुलं ऐकू येणाऱ्या आईबापाच्या पोटी जन्मलेली असतात. घरात कुणालाच खाणाखुणांची भाषा येत नाही. जेव, झोप, चल, नको, एवढ्या चारदोन खुणांवर ते मूल सहा वर्षांचं होतं. श्रवणयंत्र मिळतं कॅम्पात, पण यंत्र लावलं म्हणजे मूल बोलायला लागत नाही, त्याला रोज शिकवावं लागतं, सेल बदलावे लागतात, कानाचा साचा मूल वाढलं की नवीन करावा लागतो आणि हे करायला वाचा उपचार तज्ज्ञ कुठे असतो तर जिल्ह्याच्या गावाला. तर असं मूल जूनमध्ये आमच्याकडे यायचं, बाप सोडून जायचा, आणि आई परत कधी येणार हे त्याला सांगायला माझ्याकडे भाषाच नसायची. आठ-आठ दिवस रडायची पोरं, रात्री अंथरूण ओलं करायची. मी यातलं काही लपवत नाही. सहा वर्षांच्या लेकराला असं सोडणं वाईटच.

पण त्याच होस्टेलात दिवाळीपर्यंत काय व्हायचं ते पण ऐका. आमच्या वेळेला वर्गात सगळा भर बोलायला शिकवण्यावर, आरशासमोर बसवून प फ ब म, हाताने बोललं की बाई हात खाली करायला लावायच्या. आणि शाळा सुटली की होस्टेलात मोठ्या मुली लहानांना हातानेच सगळं शिकवायच्या. कोणाचं नाव काय, म्हणजे खुणेचं नाव, कोणाच्या गालाला तीळ म्हणून तीळ, कोणाची वेणी लांब म्हणून वेणी, उद्या काय, परवा काय, पाऊस, बाजार, भांडण, चहाडी सगळं. चार महिन्यात जे मूल फक्त रडत होतं ते दुसऱ्याची तक्रार घेऊन माझ्याकडे यायचं आणि सविस्तर सांगायचं की कोणी कोणाची बिस्किटं खाल्ली आणि तेव्हा कोण बघत होतं. कॅलेंडरवर दिवाळीला गोल करून ठेवायची, रोज एक दिवस खोडायची. ही भाषा त्याला गावातल्या शाळेत कोण देणार होतं? तिथे ते एकटंच. आता सरकारने पण भारतीय सांकेतिक भाषा मानलीय, २०१५ ला दिल्लीत त्याची संस्था काढली, २०२० ला एनसीईआरटीची पुस्तकं सांकेतिक भाषेत आणायचा करार झाला. म्हणजे जे आमच्या पोरी होस्टेलात चोरून करत होत्या ते आता पुस्तकात आलं, बरं झालं. पण भाषा शिकायला आधी ती बोलणारी माणसं आजूबाजूला लागतात ना. कर्णबधिर मुलांसाठी म्हणूनच मी निवासी शाळेच्या बाजूने आहे, निदान जवळपास ही मुलं एकत्र येतील अशी दुसरी सोय होईपर्यंत तरी.

बौद्धिक अक्षम मुलांचं मात्र उलटं आहे आणि इथे मला पत्र लिहिणाऱ्या साहेबांशी भांडायचंच नाहीये. या मुलाला शिकायचं असतं काय, तर कपडे घालणं, ताटात वाढून घेणं, दुकानातून साखर आणणं, शेजारच्या माणसाला ओळखणं. हे त्याने त्याच्याच घरात आणि त्याच्याच गल्लीत शिकलं तर उपयोग. होस्टेलात तीस पोरांबरोबर एका रांगेत आंघोळ करून त्याला स्वतःच्या घरातली मोरी वापरता येत नाही, हे शेजारच्या मतिमंद विद्यालयातल्या बाई मला नेहमी सांगायच्या, की सुट्टीवरून आलेलं पोर काहीतरी नवीन शिकून येतं आणि सुट्टीला गेलेलं पोर इथलं शिकलेलं विसरून जातं. आणि अजून एक गोष्ट, जी कोणी उघड लिहीत नाही. ज्या मुलाला आपल्याबरोबर काय झालं हे सांगता येत नाही त्याला बंद दाराआड अनोळखी माणसांच्या ताब्यात ठेवणं हे किती धोक्याचं आहे. रात्री ड्युटीला कोण, बाईमाणूस आहे का, मुलींच्या बाजूला कुलूप कोणाकडे, हे अधीक्षिका म्हणून मला झोप न येण्याचं कारण असायचं. म्हणून या मुलांना अनिवासी शाळाच हवी, तालुक्यात, आणि शक्य तर दोन.

तर मग आमच्या तालुक्यात अनिवासी का चालत नाही? हिशोब साधा आहे. निवासी मुलामागे संस्थेला परिपोषण अनुदान म्हणजे राहण्या-जेवणाचे सरकारी पैसे मिळतात, अनिवासीला ते नाहीत. अनिवासी शाळेचा खरा खर्च पोराला घरून आणण्याचा आणि सोडण्याचा, तो कोणाच्याच खात्यात बसत नाही. संस्थेने गाडी घेतली तर डिझेल कोण देणार, ड्रायव्हरचा पगार कोण देणार, गाडीत पोरांना धरून बसायला एक मावशी लागते ती मंजूर पदात नाही. मग संस्था म्हणते आम्हाला निवासीच मान्यता द्या, आणि आईबाप म्हणतात ठेवून घ्या बाई, रोज कोण आणणार.

एसटीत सवलत आहे हो. अपंगाला ७५ टक्के सवलत आहे, आणि बायकांना २०२३ च्या मार्चपासून तसंही अर्धं तिकीट झालंय, म्हणजे आई बरोबर आली तर पैशाचं फार नाही. पण गाडी तर पाहिजे! मुक्कामी गाडी पहाटे सहाला गाव सोडते, शाळा भरते साडेदहाला. परतीची गाडी साडेतीनला नाहीतर एकदम सातला. मधल्या वेळेला काळी-पिवळी, त्यात दहाच्या जागी सोळा माणसं, त्यात सेरेब्रल पाल्सीचं पोर कुठे बसवायचं, पायाला आधाराला लावायचं कॅलिपर कुठे ठेवायचं. एसटीची पहिली पायरी चढताना धडधाकट म्हातारी माणसं दांडी धरून लटकतात, तिथे बारा वर्षांच्या पोराला उचलून घेणारी आई किती वर्षं उचलणार? अनिवासी शाळेच्या व्हरांड्यात गेलात तर दिसेल, पाच-सहा आया दिवसभर भिंतीला टेकून बसलेल्या असतात. घरी जाऊन परत यायला गाडी नाही म्हणून. म्हणजे मुलाची शाळा पण झाली आणि आईचा रोज पण बुडाला. ज्या घरात आईच्या मजुरीशिवाय भागत नाही तिथे हे वर्षभर कसं चालेल, चालतच नाही, दिवाळीनंतर ते पोर येणंच बंद होतं आणि हजेरीपटावर तसंच राहतं.

आणि गंमत म्हणजे हे सगळं कायद्यात आहे. त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये लिहिलंय की अपंग मुलांना आणि ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्या मदतनीसाला पण वाहतुकीची सोय द्यायची. नियमित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेमध्ये प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता असे प्रकार आहेत, रक्कम अगदी थोडी, पण निदान हेड, म्हणजे खर्चाचं खातं तरी आहे. विशेष शाळा मात्र शिक्षण खात्यात येतच नाहीत, त्या दिव्यांग कल्याणकडे, जिल्ह्याला त्यांचं काम जिल्हा परिषदेच्या समाज कल्याणमधून चालतं. बाप भत्त्याचं विचारायला शिक्षण विभागात गेला की ते म्हणतात हे आमचं नाही वर जा, वर गेला की समाज कल्याणवाले म्हणतात आमच्याकडे असं हेड नाही खाली विचारा. ३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, देशातला पहिला म्हणून केवढ्या बातम्या आल्या होत्या, तुमच्याच पेपरात मुखपृष्ठावर होती. आम्हाला वाटलं आता जिने चढउतार संपला. अजून तरी जिना तोच आहे.

आता गावातल्या शाळेचं. साहेब लिहितात की जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. घालूया की, पायाने अधू मूल असेल, एका डोळ्याने कमी दिसणारं असेल, थोडं हळू शिकणारं असेल तर त्याने गावातच शिकावं, त्यात दुमत कशाला. पण तिथे विशेष शिक्षक कोण? सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला दहा अपंग मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक पाहिजे. आपल्या राज्याने त्यानंतर केंद्रनिहाय, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटामागे एक, अशी ४८६० पदं तयार केली. चांगली गोष्ट आहे, वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या लोकांना त्यातून न्याय मिळत असेल तर आनंदच आहे. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा, वाड्या-वस्त्या धरून, आणि तोच एक शिक्षक आज अंध मुलाला ब्रेल शिकवणार, उद्या कर्णबधिर मुलाशी खुणांनी बोलणार आणि परवा ऑटिझमच्या मुलाला सांभाळणार? ज्याचं डीएड एका प्रकारात झालंय त्याला दुसऱ्या प्रकारातलं कसं येईल. आणि तो वस्तीवर येणार आठवड्यातून एकदा, बाकीचे दिवस ते मूल मागच्या बाकावर शांत बसलेलं, गुरुजी पण चांगले असतात हो, पण चाळीस पोरं आणि दोन वर्ग एकत्र, ते तरी काय करणार.

ब्रेलवरून आठवलं. आपल्याकडे अंध-कर्णबधिरांच्या शाळा सुरू झाल्या त्याच मुळी मोठ्या शहरात, माझगावची कर्णबधिरांची १८८० च्या दशकातली, दादरची अंध मुलींची १९०० ची, पुण्याची अंधशाळा १९३४ ची. राज्यभरातनं मुलं तिथे जायची म्हणून होस्टेल आलं. म्हणजे शाळा लांब होती म्हणून मूल राहायला गेलं. आज तालुक्याला शाळा आली तरी बारा किलोमीटरवरचं मूल राहायलाच जातंय कारण ते बारा किलोमीटर अजून तसेच आहेत. अंध मुलाला पहिली तीन-चार वर्षं ब्रेल, काठी घेऊन चालणं, आवाजावरून दिशा ओळखणं हे नीट शिकवलं की पुढे ते साध्या हायस्कूलला आरामात जातं, त्याला दहावीपर्यंत होस्टेलात ठेवायची गरज नसते. पण एकदा निवासी म्हणून नाव लागलं की कोण काढतंय, पटसंख्या कमी होते ना!

कोल्हापूरला नसीमा हुरजूक ताईंच्या हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्डने १९८४ पासून जे उभं केलंय ते बघण्यासारखं आहे. उचगावला अपंग मुलांना राहायला वसतिगृह आहे आणि त्यांची समर्थ विद्यामंदिर शाळा आहे तिच्यात अपंग आणि बाकीची मुलं एकत्र शिकतात. राहायची सोय वेगळी आणि शाळा सगळ्यांची. आपल्याकडे निवासी म्हटलं की कंपाउंडच्या आतच शाळा, आतच खेळ, आतच सगळं, बाहेरच्या पोरांशी संबंध १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीपुरता. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्याच असतात असं काही नाही, हे मला तरी कोल्हापूरकडे बघून कळलं.

बीडचं म्हणून एक वेगळं सांगायचंय, ते त्या पत्रात येणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि येतात उन्हाळ्याच्या तोंडावर. धडधाकट मुलं कोणी आजीजवळ राहतात, कोणी हंगामी वसतिगृहात जेवतात. अपंग मूल कोणाजवळ ठेवणार? आजीला स्वतःलाच दिसत नाही. मग एक तर ते उसाच्या फडावर जातं, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत दिवसभर बांधून ठेवलेली पोरं पण मी ऐकलीत, नाहीतर आमच्यासारख्या होस्टेलात येतं. या घरांना तुम्ही अनिवासी शाळा दारात नेऊन दिली तरी उपयोग नाही कारण दारच बंद आहे सहा महिने. आणि यात पण खोच अशी की होस्टेलला दिवाळीची सुट्टी अधिकृत असते, म्हणजे बरोबर ज्या वेळेला आईबाप कारखान्यावर असतात त्याच वेळेला आम्ही मुलांना सांगायचं घरी जा. कुठल्या घरी? दर वर्षी काही मुलं राहायचीच, त्यांचा त्या दिवसांतला किराणा कुठल्याच बिलात नसायचा, परिपोषणाचे पैसे तसेही मार्च एंडला यायचे, दुकानदार उधारीवर द्यायचा म्हणून चाललं. ऊसतोड जिल्ह्यांसाठी दिवाळीत पण होस्टेल चालू ठेवायला परवानगी आणि पैसे द्या, ही काय फार मोठी मागणी आहे का? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहं झाली, त्यांच्यात तळमजल्यावर चार खोल्या, रॅम्प, कमोडचं बाथरूम आणि एक काळजीवाहक ठेवला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

अठराव्या वर्षी काय होतं त्यावर वेगळं पत्र लागेल. एवढंच लिहिते की शाळेतून नाव कमी झालं की बौद्धिक अक्षम मुलगा घरी येऊन बसतो, मोठ्या अपंग मुलांना काम शिकवणाऱ्या कर्मशाळा जिल्ह्यात असल्या तर असतात, आणि दहा वर्षं शिकलेलं सगळं दोन वर्षांत जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की निवासी बंद करायच्या आधी अनिवासीला पाय द्या. जेवढं परिपोषण एका होस्टेलच्या मुलामागे देता तेवढेच पैसे अनिवासी मुलामागे वाहतुकीला द्या, गाडी, डिझेल आणि एक मावशी. मग बघा किती आईबाप स्वतःहून पोरं घरी घेऊन जातात, कोणाला हौस आहे लेकरू लांब ठेवायची? जी मुलं तरीही होस्टेलात राहतील ती खरंच ज्यांना गरज आहे तीच असतील, मग खोटी पटसंख्या दाखवणाऱ्या संस्था आपोआप उघड्या पडतील, बंद करायला वेगळी मोहीम लागणार नाही. कुठल्या गावात किती मुलं आहेत हेच माहीत नाही म्हणाल तर कलम १७ प्रमाणे शाळकरी मुलांचा दर पाच वर्षांनी सर्व्हे करायचाय, तो घ्या आणि नुसती टक्केवारी लिहू नका, गाव ते शाळा अंतर आणि गाडीची वेळ असे दोन रकाने त्यात घाला. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाख ६३ हजार अपंग निघाले होते, तेव्हा कायद्यात आजचे २१ प्रकार पण नव्हते, त्या आकड्यावर अजून किती दिवस प्लॅनिंग करायचं.

आणि संपादक साहेब, एक काम तुमच्याकडे पण आहे. दर वर्षी मे महिन्यात तुमच्या जिल्हा पानावर इंजिनीअरिंग आणि नीट क्लासच्या पानभर जाहिराती असतात. त्यातच एक चौकट टाका, जिल्ह्यातल्या अंध, कर्णबधिर, बौद्धिक अक्षम, अस्थिव्यंग मुलांच्या शाळा कुठे आहेत, निवासी कुठली अनिवासी कुठली, मान्यता चालू आहे का, सर्टिफिकेटसाठी सिव्हिलला कुठल्या वारी जायचं आणि समाज कल्याणचा फोन. ऊसतोडीवरून लोक तेव्हाच परत आलेले असतात, आमच्याकडे निम्मी मुलं आठव्या नवव्या वर्षी यायची ती फक्त शाळा आहे हेच माहीत नव्हतं म्हणून. चौकट छापणार असाल तर माहिती गोळा करायला मी यायला तयार आहे, आता वेळच वेळ आहे.

आपली,
एक निवृत्त अधीक्षिका, जि. बीड